अंड्याचे चार आणे

माणदेशात प्रत्येक गोष्टीचा कागद असायचा. रानाचा सातबारा, बैलाची बाजारपावती, मेंढरांची खंडणी-चराई, सोसायटीच्या कर्जाचं बुक. कोंबडीचा मात्र कागद कधीच नव्हता. ती परड्यात असायची, आणि परडं बायकांचं. घरातला कर्ता पुरुष बैल विकताना चार जणांना विचारायचा. कोंबडी विकताना बाई कुणालाच विचारत नसे. तो पैसा तिचा. लुगड्याच्या ओच्यात किंवा उतरंडीच्या खालच्या मडक्यात तो राहायचा आणि त्यातूनच मीठ, काडीपेटी, पोरांच्या वह्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं निघायचं. म्हणून आमच्या भागातल्या बायकांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात उकिरड्यापासून करावी लागते.

आमचं घर माळकऱ्याचं. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी आषाढीला पंढरीची पायी वारी. स्वैपाकघरात अंडं यायची बातच नव्हती. तरी परड्यात पाच-सहा कोंबड्या कायम. त्या धाकट्या काकीच्या. काका लवकर वारले, काकीच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, पदरात दोन पोरी. आबांनी एवढंच ठरवून दिलं होतं की कोंबडी ओसरीवर चढता कामा नये. परड्यात काय चाललंय ते त्यांना दिसायचं, पण ते तिकडं पाहत नसत. हा समझोता कुणी बोलून दाखवला नव्हता, पण तो तीसेक वर्षं टिकला.

गावठी कोंबडीचं वर्ष काकीला पाठ होतं. तलंग सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर यायची. एका मागं एक बारा-पंधरा अंडी घालायची आणि मग खुडूक व्हायची. खुडूक झालेली कोंबडी ओळखायला अवघड नाही. अंग फुगवून बसते, जवळ गेलं की घशातनं घरघरते, खाणंपिणं कमी करते. तिला अंडी उबवायची असतात. दिवाळीनंतरची कोंबडी असेल तर काकी तिला रवणीला बसवायची. पाटीत गव्हाचं भुसकट, त्यावर अंडी, वर डालगं. एकवीस दिवसांनी पिलं. पावसाळ्यात मात्र बसवायची नाही, कारण ओलीत पिलं दगावतात. अवेळी खुडूक झालेलीच्या नाकपुड्यांतून काही बायका तिचंच पीस आरपार घालत, काही पाण्यात बुचकळत. तिचा उबवायचा ध्यास मोडावा आणि ती लवकर पुन्हा अंड्यावर यावी म्हणून. काकीला हे आवडत नसे. ती म्हणायची, ‘‘बसू दे की तिला. बाळंतीण झाल्यावर बाई बी सव्वा महिना बसतीच.’’

या हिशेबानं एक गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी द्यायची. त्यातली काही रवणीला, बाकीची विकायला. सत्तर सालच्या आसपास अंडं चार आण्याला जायचं. श्रावणात गिऱ्हाईक तुटायचं आणि मार्गशीर्षाच्या गुरुवारीही. यात्रा-जत्रेला कोंबड्याला भाव यायचा, कारण म्हसोबाला, मरीआईला नवस फेडायचे असत. काकीच्या मडक्यात पैसा असा ऋतूप्रमाणं चढायचा-उतरायचा.

या सगळ्यावर वर्षा-दोन वर्षांनी एक वरवंटा फिरायचा. त्याचं नाव मानमोडी. कोंबडी झिंगायची, मान पिळवटून एका अंगाला पडायची, हिरवट हगवण लागायची आणि तीन-चार दिवसांत परडं रिकामं. ज्या वाचायच्या त्यांची अंडी पुढं कित्येक दिवस वेडीवाकडी, मऊ सालीची निघायची. सरकारी भाषेत हा राणीखेत रोग. १९२०च्या दशकाच्या अखेरीस हिमालयातल्या राणीखेतला तो आपल्या देशात पहिल्यांदा ओळखला गेला म्हणून ते नाव. इंग्लंडात त्यालाच न्यूकॅसल म्हणतात. आमच्या आज्जीला मात्र मानमोडी म्हटलं की कोंबड्या आठवत नसत. १९१८ साली माणसं मेली त्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्याकडं मानमोडीच म्हणत. कोंबड्या मान टाकू लागल्या की आज्जी दाराला लिंबाचा डहाळा लावायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

लस होती. ती तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मिळायची. अडचण वेगळीच होती. लशीची एक बाटली शंभर-दोनशे कोंबड्यांना पुरणारी, एकदा पाण्यात मिसळली की तासा-दोन तासांत संपवायची, तोवर बर्फात ठेवायची. आमच्याकडं एकेका बाईच्या कोंबड्या पाच नाही तर सात. आणि दिवसा त्या धरायच्या कशा? मग काकीनं आळीतल्या बायकांना गोळा केलं. शाळेतल्या गुरुजींचा थर्मास मागून आणला, त्यात बर्फ आणि बाटली घालून मला एसटीनं आणायला लावली. अंधार पडल्यावर, कोंबड्या खुराड्यात गेल्यावर, कंपाउंडर आणि आम्ही पोरं कंदील घेऊन दारोदार फिरलो. एका रात्रीत आळीतल्या सगळ्या कोंबड्या टोचून झाल्या. बचत गट हा शब्द आमच्याकडं यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. खडी फोडायची कामं, सुकडी, रेशनवरचा लाल मिलो. परड्याचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही. कोंबडी जगते ती माणसाच्या घरातल्या सांडलवंडीवर. खळ्यावर दाणा सांडला, जात्याभोवती कण्या पडल्या, जनावराच्या शेणात किडा झाला, तर ती जगते. त्या वर्षी खळंच झालं नाही. जनावरं छावणीत, उकिरडा कोरडा. मिलोचा दाणा खाली पडला तर माणूसच उचलायचा. पहिल्यांदा अंडी थांबली. मग एकेक करून काकीनं कोंबड्या विकल्या, त्याही पडेल भावानं, कारण विकणारे सगळे आणि घेणारं कुणी नाही. शेवटची एक तांबडी राहिली होती, ती मुंगसानं नेली. काकी पाझर तलावाच्या कामावर जायला लागली.

दुष्काळ सरल्यावर सरकारी योजना आल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत सघन कुक्कुट विकास गट होते, अंडी उबवणी केंद्रं होती. अल्पभूधारक आणि निराधार बायकांना सुधारित जातीच्या दहा-दहा तलंगा बँकेच्या कर्जावर मिळू लागल्या. काकीच्या नावानं आयुष्यात पहिल्यांदा कागद झाला तो हा. दहा कोंबड्या, महिन्याचा हप्ता, जामीन म्हणून आबांची सही. आबांनी कागद वाचला, कशाचा आहे ते कळलं, आणि काही न बोलता सही केली.

त्या पांढऱ्याशुभ्र कोंबड्यांचं नाव लेगहॉर्न. गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही, ‘लेगॉन’च म्हणायचे. इटलीतल्या लिव्हॉर्नो बंदरावरून हे नाव पडलं. तिथून ही जात एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली आणि तिथं निवडीनं वाढवत वाढवत नुसती अंड्यांसाठीच घडवली गेली. वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देणारी. जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा. तो वर्षाकाठी घालतो फार तर दहा-पंधरा अंडी. पण लेगहॉर्नच्या पायांचा पिवळा रंग आला आहे तो आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या रक्तातून, असं अलीकडं शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. म्हणजे लांबून फिरून आलेली ही पाहुणी तशी निम्मी घरचीच होती.

पहिले पाच-सहा महिने सोन्याचे गेले. रोज सकाळी सात-आठ अंडी. काकी पोरींना म्हणायची, ‘‘ही कोंबडी न्हाई, गिरणी हाय.’’ गिऱ्हाईक पांढऱ्या अंड्याला नाकं मुरडायचं, ‘पांढऱ्यात ताकद नसती’ म्हणायचं, म्हणून दोन पैसे कमी. बाजारातले काही व्यापारी ती चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून विकत. काकीनं तसं केलं नाही. तिचा हप्ता पांढऱ्यावरच सुटत होता.

मग खाद्याची पोती यायची बंद झाली. योजनेत महिन्याला ठरलेलं खाद्य होतं. एक पोतं उशिरा आलं, दुसरं आलंच नाही, आणि कचेरीत गेलं की पुढच्या आठवड्याची तारीख. काकीनं घरची ज्वारी, कोंडा, कण्या सुरू केल्या. गावठी कोंबडीला ते पुरतं. लेगहॉर्नला पुरेना. पहिल्यांदा साली पातळ झाल्या, बोट लागलं की अंडं फुटायचं. मग एक दिवस खुराड्यात सालच नसलेलं अंडं सापडलं. पातळ कातड्याची पिशवी, आत पिवळं हलतंय. आज्जी म्हणाली, दृष्ट लागली.

कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले वीसएक तास नुसत्या सालीचे. एका सालीत दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. कोंबडीच्या अंगातल्या सगळ्या हाडांत मिळून ते भरेल वीस ग्रॅम. अडीचशे अंड्यांच्या सालींना वर्षाला अर्धा किलो लागणार. खाण्यातून ते मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंड्यांनंतर खुडूक होऊन थांबते, तेवढ्यात हाडं पुन्हा भरून निघतात. लेगहॉर्नचं खुडूक होणंच माणसानं निवडीनं काढून टाकलेलं. तिला थांबता येत नाही. आणि कॅल्शियम नुसतं सालीलाच लागतं असं नाही. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही लागतं. ते कमी पडलं की अंडं वाटेतच अडकतं. हे सगळं मी पुढं कृषी शाळेत शिकलो. काकीनं ते आधी हातानं पाहिलं.

दहातल्या एकीला काकी ढवळी म्हणायची. बाकीच्या दूर पळत, ही पायाशी यायची, पाटीवर चढून बसायची. श्रावणातली एकादशी होती. सकाळपासून ढवळी पंख पाडून, शेपूट खाली घालून, बदकासारखी उभी राहत होती. मधूनच खुराड्यात जायची, जोर करायची, पुन्हा बाहेर यायची. दाण्याला तोंड लावीना. दिवस मावळला तरी अंडं नाही. काकीनं तिला मांडीवर घेतलं, पोटाखालून बोटं फिरवली आणि म्हणाली, ‘‘आडलीया ही.’’

आमच्याकडं अडणं हा शब्द बाळंतिणीचा. काकीनं तो कोंबडीला वापरला तेव्हा आज्जी चुलीपासून उठून आली. आज्जी गावची सुईण होती. दोघींनी घमेल्यात कोमट पाणी केलं, हात घालून ऊन किती ते पाहिलं आणि ढवळीला पोटापर्यंत त्यात बसवलं. अर्धा तास. मधे मधे ऊन पाणी घालायचं. कोंबडी पहिल्यांदा फडफडली, मग डोळे मिटून गप बसली. तेवढ्यात आबा देवळातून भजन करून आले. परड्यात उजेड पाहून दारापर्यंत आले. काकी सासऱ्याशी कधी थेट बोलत नसे. ती मला म्हणाली, ‘‘आबास्नी म्हणावं, कंदील जरा हिकडं धरत्यात का. पोराचा हात हालतोय.’’

आबा उंबऱ्यावर थांबले. मग परड्यात उतरले. मी त्यांना परड्यात उतरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कंदील माझ्या हातातून घेतला.

आज्जीनं बोटाला एरंडेल लावलं. शेजारच्या बाईनं सांगितलं, आतलं अंडं फोडून काढा, म्हंजी मोकळी हुईल. आज्जीनं तिला गप केलं. ‘‘फुटलं तर सालीच्या धारा आतनं कापत्यात. मग ना कोंबडी ना काय. ज्याचं त्यानं बाहेर यायाचं, आपुन नुस्ती वाट वली करायची.’’ जनावरांचा डॉक्टरही पुढं हेच म्हणाला. तेल सोडून, पोटावर हलका हात ठेवून, दोघी बसून राहिल्या. कुणी बोलेना. काकीच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला आज कळतं. दहातल्या दोन आधीच गेल्या होत्या. हप्ता दहांच्या हिशेबानं बांधलेला. जामीन आबा. आणि दिवाळीआधी माझा एस.एस.सी.चा फॉर्म भरायचा होता, त्याची फी काकीनं बोलून ठेवली होती. घरात दुसरीकडून पैसा यायला तेव्हा वाट नव्हती.

रात्री बऱ्याच उशिरा अंडं सुटलं. खरबरीत, एका टोकाला चेपलेलं, रक्ताची रेघ असलेलं. त्याच्याबरोबर थोडं आंगही बाहेर आलं होतं. काकीनं हळदीच्या पाण्यानं धुतलं, साखर चोळली. साखरेनं सूज ओढते हे आज्जीला ठाऊक होतं. तेलाच्या बोटानं ते आत सारलं. ‘‘बाकीच्यांत सोडू नगं,’’ आज्जी म्हणाली, ‘‘लाल दिसलं की टोचून टोचून खात्यात त्या.’’ ढवळीला डालग्याखाली वेगळं झाकलं. आबा कंदील घेऊन उभेच होते. आत जाताना मला म्हणाले, ‘‘तिला म्हण, सकाळी भाताची पेज घाल.’’ तिला म्हणजे काकीला का कोंबडीला, ते मी विचारलं नाही. काकीनं ते ऐकलंच होतं.

दुसऱ्या दिवशी काकीनं जे ठरवलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दवाखान्यात डॉक्टरांनी शिंपल्यांचा चुरा खायला घालायला सांगितलं होतं. ते तिनं केलंच. अंड्यांची टरफलं भाजून, कुटून, दाण्यात मिसळायला लागली. भाजायची अशासाठी की कच्च्या टरफलाची चव लागली तर कोंबडी स्वतःचीच अंडी फोडायला शिकते. पण एवढ्यावर तिचं समाधान होईना. ती म्हणाली, ‘‘ह्या खुडूक हुईत न्हाईत, हाच ह्यांचा रोग हाय. मग आपुनच करायच्या.’’

कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं, हे तिला ठाऊक होतं. थंडीतल्या लहान दिवसांत अंडी कमी होतात, हे परड्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. तिनं ढवळीला आणि साली मऊ पडणाऱ्या आणखी दोघींना अंधाऱ्या कोठीत डालग्याखाली ठेवलं. दिवसातून थोडा वेळच बाहेर. दाणा साधा, पाणी भरपूर. आठ-दहा दिवसांत तिघींची अंडी बंद झाली. बँकेचा माणूस आला तेव्हा आठातल्या पाचच अंड्यावर होत्या. तो म्हणाला, उत्पन्न देणारं जनावर तुम्ही बंद करून ठेवलंय, हप्ता कसा भरणार? काकी डोक्यावरचा पदर ओढून म्हणाली, ‘‘मेल्यावर बी बंदच हुतील की, सायब.’’

दोन महिने तिनं तसं रेटलं. हप्त्यासाठी गळ्यातली बोरमाळ गहाण पडली. त्या तिघींनी पिसं टाकली, नवी आली, आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा अंड्यावर आल्या. साली जाड. रोज एक नाही, आठवड्याला चार. माझ्या फॉर्मची फी वेळेत भरली गेली, त्यात किती पैसे अंड्यांचे आणि किती गहाणातले ते काकीनं कधी सांगितलं नाही. आळीतल्या दुसऱ्या दोघींनी त्याच योजनेतून कोंबड्या घेतल्या होत्या. त्यांच्या वर्षभरात सरल्या आणि कर्ज राहिलं. काकीचं कर्ज ठरल्यापेक्षा सात महिने उशिरा, पण फिटलं. बोरमाळ सुटायला आणखी एक वर्ष गेलं. ढवळी त्यानंतर चार वर्षं होती. शेवटी शेवटी महिन्याला दोन-चार अंडी घालायची. तिला बाजार दाखवायचा विषय घरात निघाला नाही.

त्याच वर्षांत परड्याबाहेर मोठा बदल चालू होता. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढं तिचं ठाणं पुण्याला झालं. १९८२ साली अंड्याचा भाव ठरवण्यासाठी उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. दूरदर्शनवर ‘संडे हो या मंडे’ घरोघर वाजायला लागलं. अंडं स्वस्त झालं, मुबलक झालं, गरिबाच्या पोराच्या ताटात आलं, हे चांगलंच झालं. पण ते पिंजऱ्यातून आलं. शेडमध्ये दिवे लावून दिवस चौदा-सोळा तासांचा केलेला, खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं. साधारण बहात्तर आठवडे झाले, अंडी घटली की सगळी शेड एकदम विकून मोकळी. दहा हजारांत एक अडली तर तिला कोमट पाण्यात कोण बसवणार? आणि मडक्यातला पैसा बँकेच्या खात्यात गेला, तो बहुतेक ठिकाणी घरच्या पुरुषाच्या.

२००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. देशातली ती पहिली नोंद. तिथल्या शेडमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आमच्याकडं रोग नव्हता, तरी गिऱ्हाईक अंड्याला हात लावीना. परड्यात पाच कोंबड्या असणाऱ्या बायकांचंही मडकं त्या उन्हाळ्यात रिकामं राहिलं. शेडवाल्यांच्या नुकसानीची मोजदाद झाली. या बायकांची झाली नाही.

आता बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या केंद्राची वनराजा अशा परसातल्या कोंबड्या आल्या आहेत. गावठीसारख्या काटक, तिच्यापेक्षा जास्त अंडी देणाऱ्या. गावठी अंड्याला शहरात पांढऱ्याच्या दुप्पट-तिप्पट भाव मिळतो. काकीची धाकटी लेक आमच्याच गावात दिली आहे. तिच्याकडं तीस कोंबड्या आहेत. लशीची बाटली ती आजही आळीत वाटून घेते, टोचायचं रात्रीच, फक्त कंदिलाच्या जागी मोबाईलचा उजेड. कृषिप्रदर्शनात एकानं तिला विचारलं, ताई, तुमच्या कोंबडीचं वर्षाचं उत्पादन किती? ती म्हणाली, ‘‘खुडूक बसल्याले दिवस धरून का सोडून?’’ त्याला प्रश्न कळला नाही. त्याच्या फॉर्मवर त्या दिवसांचा रकाना नव्हता.